उपास असला तरी

बाराही महिन्यांच्या संकष्टीचा चंद्रोदय तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या सांगलीत एकच आहे, आणि तो दरवर्षी तीसच्या तीस रोजे धरतो. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या पुजाऱ्यांना चंद्रोदय विचारला तर ते आधी चष्मा शोधतात, मग कॅलेंडर, आणि शेवटी "अहो, दिसेलच की आता" म्हणून मोकळे होतात. आमच्या पोटाच्या डॉक्टरांना विचारा. समोरच्या पेशंटच्या पोटावरचा हात न उचलता ते सांगतील, "नऊ एकोणीस. पण तुम्ही पाटणकडचे ना? मग दोन मिनिटं पुढं धरा." एकदा एका आजींनी ढगाळलेल्या संकष्टीला त्यांच्या शब्दावर उपास सोडला होता. चंद्र पाहिला की नाही असं घरात कुणी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलंय, आता चंद्राचं काय काम?

'पोटाचे डॉक्टर' हे नाव लोकांनी दिलेलं. दवाखान्याच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आणि त्यापुढे पदव्यांची लांबलचक रांग आहे, पण ती वाचायला पाटीपुढे उभं राहावं लागतं, आणि पोट धरून आलेला माणूस पाटीपुढे उभा राहत नाही. डॉक्टर उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारे. त्यांचे वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. सांगलीतल्या निम्म्या लोकांच्या पाठी वडिलांनी सांभाळल्या, आता त्यांची पोटं मी सांभाळतो, असं ते स्वतःच हसत सांगतात. त्या वडिलांनी गादीच्या उरलेल्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाची एक पिशवी शिवून दिली होती. मुलगा एवढा मोठा डॉक्टर झाला, पण ती पिशवी काही सुटली नाही. रोज सकाळी स्कूटरच्या हँडलला ती लटकलेली असते आणि दिवसभर त्यांच्या खुर्चीच्या पाठीला. तिच्यात काय असतं हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. इतरांच्या पिशव्या मात्र ते बिनदिक्कत पाहतात, त्याची हकिकत पुढे येईलच.

माझी आणि त्यांची ओळख माझ्या पोटामुळे झाली. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि मला जळजळ व्हायची. निदान अल्सर तरी निघेल अशा तयारीने, घरी थोडी निरवानिरवीची भाषासुद्धा करून, मी गेलो होतो. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "मास्तर, सांधे दुखतात?" म्हटलं, नाही. "दुखण्याच्या गोळ्या घेता?" नाही. "उपास?" तोही नाही. त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच अपराध्यासारखं झालं. "तुम्हाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "फक्त भर दुपारी मिसळ खाण्याची सवय झाली आहे. ती सोडा आणि घरी जा." मी उठलो, तोवर त्यांना माझा पेशा समजला. लगेच त्यांनी मला पुन्हा बसवलं आणि औषधाच्या जागी कागद पुढे केला. "पोटाचं एक चित्र काढून द्या. आत जखम दाखवा. पण सुंदर काढू नका, लोक चित्रच बघत बसतात." तेव्हापासून मी त्यांचा बिनपगारी चित्रकार आहे. भिंतीवर जे पोट टांगलेलं आहे ते माझं. ते तीनदा काढावं लागलं, कारण पहिली दोन त्यांना देखणी वाटली.

त्यांचा खरा जीव सांधेदुखीवाल्यांवर. संधिवाताचा माणूस दारातून लंगडत आत आला की त्यांचे डोळे लकाकतात आणि लगेच काळजीने बारीक होतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. गुडघा बोंबलतो, म्हणून सगळं घर त्याच्याकडे धावतं. दुखण्याची गोळी गुडघ्याला गप्प करते, पण जाता जाता पोटाला आतून सोलत जाते. आणि ती दुखण्याचीच गोळी असल्यामुळे पोट दुखायचंही विसरतं. ते बिचारं एक दिवस एकदम रक्तच दाखवतं. म्हणून दुखण्याच्या गोळीबरोबर पोट राखायची गोळी असते, आणि ही दुसरी गोळी लोक हमखास टाळतात, कारण तिने काही झाल्यासारखं वाटत नाही. "काही होत नाही, हेच तिचं काम आहे," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता मीही लोकांना सांगतो.

त्यांच्याकडे गेलात तर "काय होतंय?" असं ते विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "कुठले वार धरता?" भिंतीवर तीन कॅलेंडरं. एक आपलं नेहमीचं तिथी-वाराचं, एक मशिदीतून मिळालेलं रोज्यांच्या वेळांचं आणि एक जैन मंडळींचं. कुण्या बाईंची आठ दिवसांच्या उपासाची अठाई कधी सुरू होते, कोणत्या काकी सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नाहीत, पौर्णिमेला उपोसथ धरणारे बौद्ध गुरुजी त्या दिवशी दुपारनंतर जेवत नाहीत, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यावर प्रत्येकाचं वेगळं वेळापत्रक. रोजेवाल्यांना ते एका दमात म्हणून दाखवतात, "खजूर, पाणी, गोळी, नमाज, मग जेवण." म्हणजे रोजा खजुराने सोडायचा, पाण्याबरोबर पोटाची गोळी घ्यायची, नमाज पढेपर्यंत ती आत जाऊन कामाला लागते आणि मग जेवायला बसायचं. वैद्यकशास्त्र आणि धर्मशास्त्र यांची अशी सोयरीक जुळवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

दुसरा हुकूम, "पिशवी ओता टेबलावर." तोंडी सांगितलेल्या औषधांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. माणूस "दोनच गोळ्या घेतो" म्हणतो आणि पिशवीतून सहा पाकिटं पडतात. चंचीतून, चष्म्याच्या घरातून, एकदा तर गुडघ्याला बांधलेल्या पट्ट्याच्या आतूनही गोळ्या निघालेल्या मी पाहिल्यात. लोक लाजतात, डॉक्टर मात्र बाजारात भाजी निवडावी तसे शांतपणे एकेक पाकीट बाजूला काढतात. आणि तिसरी वस्तू म्हणजे टेबलावरची बरणी. जॅमची जुनी बाटली, आत रस्त्यावरच्या डांबराचा एक गोळा. पोटात रक्त झिरपत असलं की परसाकडे काळीकुळकुळीत होते, चिकट, डांबरासारखी. हे शब्दांत विचारलं की भले भले खाली बघतात. डॉक्टर बरणी पुढे सरकवतात आणि एवढंच म्हणतात, "अशी?"

लग्नाला त्यांना नेणं मात्र जोखमीचं. पंगतीत ते ताटाकडे बघत नाहीत, लोकांच्या उठण्याबसण्याकडे बघतात. "मास्तर, ते तिसऱ्या रांगेतले फेटेवाले गोळीवर चालतायत." कसं कळलं, म्हणून विचारलं तर म्हणाले, उठताना आधी हात टेकायला जागा शोधली, मग एक क्षण थांबले, मग उठले, आणि उठल्यावर इतकं ताठ चालले की नुसत्या गुडघ्याचं ते काम नव्हे. त्या दिवशी वरातीचा घोडा दारात उभा होता आणि आमचे डॉक्टर त्या फेटेवाल्यांना, म्हणजे नवऱ्याच्या चुलत्यांना, मांडवाच्या खांबाआड गाठून विचारत होते, "पोटाची गोळी घेता ना?" चुलते नंतर तीन महिन्यांनी बायकोला घेऊन दवाखान्यात आले, तेव्हा येताना पेढे घेऊन आले.

हे सगळं मला आधी नुसतं विक्षिप्तपणाचं वाटायचं. एकदा दवाखाना रिकामा असताना मी गमतीत म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही एवढे उपास मोजता, त्यापेक्षा भिक्षुकी केली असती तर?" ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. प्रॅक्टिसच्या पहिल्याच वर्षी एक म्हातारे गृहस्थ त्यांच्याकडे यायचे. गुडघे सुजलेले. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एकीपुढे लिहिलं, 'दुखेल तेव्हा.' दुसरीपुढे, 'जेवणाआधी.' पुढे श्रावण लागला. म्हातारबांनी महिनाभर उपास धरला; सकाळ-संध्याकाळ चहा आणि वाटीभर भगर. त्याला ते जेवण म्हणत नव्हते. जेवण नाही, म्हणून जेवणाआधीची गोळी नाही. गुडघे मात्र रोज दुखत होते, म्हणून दुखण्याची गोळी रोज. श्रावण संपायच्या आत त्यांना रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले. "चूक त्यांची नव्हती, मास्तर," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी माझ्या चिठ्ठीचा शब्द न् शब्द पाळला." त्यानंतर भिक्षुकीचा विनोद मी पुन्हा कधी केला नाही.

आता आमच्या आक्काकडे येतो. आक्का माझी थोरली बहीण. पाटणच्या पलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात तिचं घर. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ती, तिचा मुलगा, सून आणि चंद्री नावाची म्हैस. संधिवाताने आक्काची बोटं वाकडी झालेली, पण चंद्रीला त्याच बोटांची सवय. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की ती लाथ घालते. माझ्या भाच्याला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या सदस्याला, तिने दोनदा शेणात बसवलेलं आहे. त्यामुळे आक्का पहाटे दुखण्याची गोळी घ्यायची, बोटं सैल झाली की धारेला बसायची. पाटणच्या डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या नीट लिहून दिल्या होत्या. पण त्यांच्या गोळीने भागेना, म्हणून आक्का आठवडी बाजारातून सांधेदुखीची पुडीही आणायची. ती देणारा माणूस कोण, आत काय, कुणाला ठाऊक. आणि ही गोष्ट तिने सख्ख्या भावापासून लपवली.

एकदा मी गेलो तर आक्का पांढरीफटक. चार पावलं चालली की भिंत धरत होती. मी काही न ऐकता तिला सांगलीला आणलं आणि डॉक्टरांच्या पुढे बसवलं.

"आक्का, कुठले वार धरता?"

आक्का खुश झाली. डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा, अशी तिची समजूत. हा तर देवाधर्माचं विचारतोय. "सोमवार हाय, गुरुवार हाय, संकष्टी, दोन्ही एकादश्या, पुनव. आन नवरात्राचं नऊ दीस."

"मग जेवता कधी?"

"मधनं मधनं," आक्का म्हणाली.

"आणि उपासाच्या दिवशी पोटाची गोळी?"

"आवं डाक्टर, जेवनाआदी घ्या म्हनून लिवलंय न्हवं? मग ज्या दिशी जेवनच न्हाई, त्या दिशी कशाच्या आदी घ्यायची?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी चष्मा काढला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "पिशवी ओता, आक्का." पिशवीतून एसटीचं तिकीट पडलं, देवळातला अर्धा नारळ पडला, डॉक्टरांसाठी आणलेली सहा लिंबं गडगडत गेली आणि शेवटी मिसरीचा डबा. डॉक्टरांनी डबा उघडला. मिसरीच्या खाली बाजारातल्या तीन पुड्या. आक्काने माझ्याकडे बघायचं टाळलं. डॉक्टरांनी बरणी पुढे सरकवली.

"अशी?"

आक्काने डांबराकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. "मला वाटलं, नाचनीच्या भाकरीनं हुतंय," ती म्हणाली.

त्याच दुपारी तिला ॲडमिट केलं, रक्त चढवलं, दुर्बीण घालून पाहिलं तर पोटात चांगली दोन बोटं रुंद जखम. ती डॉक्टरांनी आतूनच बंद केली. आणखी चार दिवसांनी आणलं असतं तर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य तसंच सोडलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. आई गेल्यावर मला आक्कानेच वाढवलं आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, दुखण्याची गोळी आणि पुड्या आजपासून बंद. दोन महिने पोट भरून येऊ द्यायचं. आक्का अंथरुणात उठून बसली. "आन म्हशीची धार कोन काढनार?" दुसरा कुणी असता तर "जीव वाचला ते बघा, म्हशीचं काय घेऊन बसलात" म्हणाला असता. मीही तेच म्हणणार होतो. डॉक्टरांनी मला हाताने गप्प केलं आणि खुर्ची ओढून घेतली. "नाव काय तिचं? किती देते? हात कुणाचा घेत नाही?" सगळं नीट विचारून घेतलं आणि आक्काच्या केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात लिहिलं, 'म्हैस.' मग म्हणाले, "आक्का, तुमचं न धुतलेलं एक लुगडं घरी पाठवा. मुलाने ते नेसून धारेला बसायचं. तिला तुमचा वास येऊ दे."

माझा भाचा. कल्लेदार मिशा, पुढच्या खेपेला सरपंच व्हायची हवा डोक्यात. त्याने आईचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धारेला बसायचं. पण आईचा जीव होता, म्हणून बसला. अर्धी वाडी गोठ्यापाशी जमली होती असं ऐकतो. चंद्रीने मान वळवून मिशांकडे पाहिलं, पदर हुंगला, पुन्हा मिशांकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, पान्हा सोडला. आक्का दवाखान्यातून घरी गेल्यावर डॉक्टर रोज संध्याकाळी फोन करून आधी तिच्या पोटाचं विचारायचे आणि मग चंद्रीने किती दूध दिलं ते.

त्या दिवशी आक्काच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, सरळ दुखण्याची गोळी कायमची बंद करा म्हणून का नाही सांगत? त्यावर ते जरा चिडलेच. "गोळी बंद करा, हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? ते पानपट्टीवालाही सांगतो. आक्कांचं दुखणं खोटं आहे का? तुम्ही नुसतं बंद करा म्हणालात की त्या मान डोलावणार आणि पुन्हा पुडी आणणार. दुखण्यालाही उत्तर द्यायचं आणि पोटही राखायचं." त्यांनी तसंच केलं. पोटात जखम धरून ठेवणारे जंतू निघाले, त्यांच्यावर चौदा दिवसांचं औषध दिलं. मिरजेच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे स्वतः चिठ्ठी लिहून पाठवलं. त्यांनी संधिवाताच्या मुळावरचं औषध सुरू केलं. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली, जखम भरली होती. मग कुठे दुखण्याची एक सौम्य गोळी, तीही अगदीच अडलं तर, आणि पोटाची मात्र रोज. त्या गोळीच्या पाकिटावर त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि शेजारी माझ्याकडून उगवता सूर्य काढून घेतला: 'सकाळी उठल्यावर. देवाच्याही आधी. उपास असला तरी.'

आक्का दुसरी शिकलेली. तिने बोट ठेवून वाचलं आणि पाकीट खाली ठेवलं. "देवाच्या आदी? आसं कसं, डाक्टर?"

"देव थांबेल, आक्का. पोट थांबत नाही."

"आन इसरले तर?"

"मी फोन करीन."

मला वाटलं, बोलायची पद्धत. पण पुढच्या संकष्टीला सकाळी सात वाजता आक्काचा फोन वाजला. मग एकादशीला वाजला. सोमवारी वाजला. आक्का पुन्हा धारेला बसू लागली, बोटं वाकडीच राहिली पण पहिल्यासारखी तटतटत नव्हती, आणि उपासाच्या दिवशी सातला फोन वाजला की चंद्रीसुद्धा कान टवकारते असं भाचा सांगतो. अशी पंधरा-वीस माणसं डॉक्टरांच्या फोनात आहेत. सकाळची नमाज झाली की ते कॅलेंडरापुढे उभे राहून एकेकाला फोन लावतात.

गेल्या रमजानात आक्काला तपासणीसाठी आणलं होतं. दुपारची वेळ. सगळं ठीक होतं, रक्तही भरलं होतं. डॉक्टर तिचं वजन करायला म्हणून खुर्चीतून उठले. डावा तळहात टेबलाच्या कडेवर टेकला, क्षणभर थांबले, "या अल्ला" असं पुटपुटले आणि उठले. उठल्यावर ताठ चालत काट्यापाशी गेले. मला त्यात काहीच दिसलं नाही, आणि मी म्हणे चित्रकार. आक्का मात्र जागची हलली नाही.

"डाक्टर, कवापास्नं?"

"काय कधीपासून?"

"गुडगं."

"वय झालं, आक्का."

"त्ये मला बी झालंय," आक्का म्हणाली. "पिशवी वता."

डॉक्टर हसले. आक्का हसली नाही. तिने आपला वाकडा हात लांब करून खुर्चीच्या पाठीची निळ्या पट्ट्यांची पिशवी ओढली आणि टेबलावर उपडी केली. जपाची तसबी पडली, चष्म्याचं घर पडलं, स्कूटरची जादा किल्ली पडली, आणि दुखण्याच्या गोळ्यांचं एक पाकीट. दहातली सात घरं रिकामी. पोटाची गोळी कुठेच नव्हती. ती खोलीभर होती. कपाटात, टेबलाच्या खणात, खोक्यांवर खोकी. फक्त त्या पिशवीत नव्हती.

"रोजा हाय न्हवं? दीसभर पोटात कन न्हाई, आन ह्यो धंदा?"

"पहाटे खाऊनच घेतो."

"आन पोटाची?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "राहते."

"ऱ्हाती म्हंजी?"

"विसरतो, आक्का."

मग आक्काने डांबराची बरणी त्यांच्या पुढ्यात सरकवली. "आशी?"

पंचवीस वर्षं लोकांना तो प्रश्न विचारणारा माणूस त्या बरणीकडे बघत राहिला. "नाही अजून," तो म्हणाला.

"बगताय का पर?"

"आजपासून बघतो."

आक्काने मला फर्मावलं, "बापू, ह्येंचा बी कागुद कर." मी कोरा केसपेपर घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं. 'व्यवसाय' या रकान्याशी थांबलो. आक्का म्हणाली, "लिव्ह, लोकांची पोटं." त्यांच्याच शिष्याने दुसऱ्या दिवशी त्यांना दुर्बीण घातली. आत तीन कोवळ्या जखमा निघाल्या, वेळेवर सापडल्या. रोज्यांचं काय म्हणून विचारलं तर शिष्याने यंदापुरते सोडायला सांगितलं आणि डॉक्टरांनी, आयुष्यात पहिल्यांदा, उरलेले रोजे बरे झाल्यावर पुरे करायचे म्हणून कॅलेंडरावर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या.

ते राहिलेले रोजे त्यांनी पुढे हिवाळ्यात धरले, तेव्हा रोज संध्याकाळी आक्काचा फोन त्यांना जायचा. "खजूर, पानी, गोळी," एवढंच. पण आक्काच्या घरापुढे डोंगर. तिच्याकडे सूर्य लवकर मावळतो. त्यामुळे फोन रोज अर्धा तास आधी. डॉक्टर समजावून सांगायचे, "तुमचा सूर्य डोंगराआड गेला, आक्का. माझा अजून आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटतं, तिला ते वाक्य ऐकायला आवडायचं.

परवाच्या संकष्टीला मी आक्काकडेच होतो. धार काढून झाली होती. आक्का उंबऱ्यावर बसली, तळहातावर पोटाची गोळी, शेजारी पाण्याचा तांब्या, मांडीवर फोन. सात वाजले. सव्वासात झाले. साडेसात. फोन वाजला नाही. हल्ली डॉक्टर दवाखान्यात दोनच तास बसतात, काठी वापरतात, मध्यंतरी चार दिवस तापाने पडून होते. हे मला माहीत होतं आणि आक्कालाही.

"घे की गं आक्का. उपास असला तरी, असं लिहिलंय ना?"

"थांब रं. इचारू द्येत त्येंनी."

आठ वाजले. चंद्री पाण्यासाठी हंबरायला लागली. चहा गार झाला. मी न राहवून माझा फोन काढला. "मीच लावतो त्यांना."

आक्काने माझं मनगट धरलं. वाकड्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "नगं," ती म्हणाली. "उचललाच न्हाई तर?"

मग मीही तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. दोघांनीही रस्त्याकडे बघितलं, जसे काही डॉक्टर चालत येणार होते. पावणेनऊला तिच्या मांडीवर फोन वाजला. आवाज थकलेला होता, पण तोच होता. "आक्का, उशीर झाला. फोन कॉटखाली गेला होता, वाकता येईना. आज संकष्टी. चंद्रोदय नऊ बावीस, तुम्हाला नऊ चोवीस. गोळी?"

"कवाच घेतली की," आक्का म्हणाली. "तुमी घेतली का?"

"घेतली."

"आसू द्या मग. सावकास उठत-बसत जावा."

फोन बंद झाला. आक्काने तळहातावरची गोळी जिभेवर ठेवली, तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायली आणि पदराने आधी तोंड पुसलं, मग डोळे. "म्हशीला पानी दाव जा, बापू," ती म्हणाली, "मगाधरनं वरडतीया बिचारी."